बांधावरच्या पेट्या

"दाब. सरळ खाली दाब. काच सरकली तर पेशी पोळीसारख्या लाटल्या जातील," घाडगे मॅडम माझ्या खांद्यामागून म्हणाल्या.

मी टीपकागदाच्या घडीत स्लाइड ठेवून वरून अंगठा दाबून धरला होता आणि श्वाससुद्धा घेत नव्हते. एम.एस्सी.च्या त्या शेवटच्या वर्षी माझा अंगठा कायम लाल असायचा, कार्मिनच्या रंगानं. आई म्हणायची, "एवढं शिकून शेवटी अंगठेबहाद्दरच झालीस गं."

मग मी स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली, भिंग फिरवलं, आणि अरे, काय सांगू तुम्हाला! एक पेशी अशी मधोमध, स्वच्छ, पसरलेली. त्यात गुणसूत्रं. लाल, ठेंगणी, एकमेकांना धरून बसलेली. आणि काही नुसतीच कडेला. मी मोजली. परत मोजली.

"मॅडम! सात जोड्या आणि सात एकटे!"

"हळू. शेजारी तास चाललाय."

"मॅडम, पण सात एकटे!"

"सरक." मॅडमनी चष्मा डोक्यावर चढवला आणि वाकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू जास्त दाबलंयस. जोड्या सुटल्यात."

"नाही हो मॅडम, सगळ्या पेशी तशाच आहेत."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "उर्मिला, तुला जे दिसायला हवंय तेच दिसतंय का?"

आता मॅडम असं का म्हणाल्या ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही काय झाडांच्या गुणसूत्रांवरून एवढी नाचतेय.

आमचं गाव रांजणटेप, महाबळेश्वरच्या अलीकडे, डोंगराच्या अगदी कडेला. घरोघर स्ट्रॉबेरी, थोडीफार रासबेरी. माझ्या वडिलांना, आप्पांना, झाडांचा भारी नाद. दरीच्या तोंडाशी रानरासबेरीची जाळी आहे. फळ बारकं, काटे हे एवढाले, पण ऊन असो, वारा असो, मरत नाही. आणि बागेतली रासबेरी म्हणजे लाडावलेली लेक, जरा वारं लागलं की आडवी. आप्पांनी काय केलं, बागेतल्या कळ्या उघडून त्यातले केसर चिमट्यानं खुडले, रानातल्या फुलांचा पराग आणून लावला, वरून मलमलच्या पिशव्या बांधल्या आणि बी धरलं. शिकलेत सातवी, पण नाद बघा! त्या बियांतून एक रोप असं उठलं की बघत राहावं. माणसाच्या उंचीचं, पानं तळहाताएवढी, काटे नावापुरते. आप्पांनी त्याच्या फांद्या मातीत दाबून दाबून रोपं केली आणि खालची पट्टी अख्खी भरून टाकली.

गोची तिथंच झाली. खालची पट्टी सामायिक होती, आप्पांची आणि नानांची. नाना म्हणजे माझे चुलते, आप्पांचे धाकटे भाऊ. नानांना तिथं स्ट्रॉबेरी लावायची होती. आप्पांनी विचारलंसुद्धा नाही. थोरल्यानं ठरवलं की ठरलं, आमच्याकडं असंच.

नाना मधवाले. त्यांच्या मधपेट्या त्याच पट्टीच्या बांधावर दगडांवर ओळीनं मांडलेल्या असायच्या. रासबेरीला पहिला बहर आला तो असा, की खालच्या रस्त्यावरनं जाणारी माणसं थांबून बघायची. आणि नेमकं तेव्हाच एका सकाळी बांधावर बघतो तर नुसते दगड. पेट्या नाहीत! नानांनी त्या खाली जांभळीच्या रानात नेल्या होत्या.

"औंदा जांभूळ लवकर फुललं," नाना म्हणाले.

त्या वर्षी रासबेरीला एक फळ धरलं नाही. फुलं वाळून वाळून गळाली.

आप्पा देवळासमोर भर माणसांत नानांना बोलले. मी तिथं होते, लहान होते, नयनाचा हात धरून उभी होते. नयना म्हणजे नानांची मुलगी, माझ्याच वयाची. "माशा न्हेल्यास! माझ्या फुलांवर सूड उगवलास व्हय रं? पोटच्या पोरावानी वाढवली हुती!" नाना एक शब्द बोलले नाहीत. खाली मान घालून निघून गेले. आणि मला कुणीतरी ओढून घरी आणलं, नयनाला तिच्या घरी.

संपलं. त्या दिवसापासून दोन घरं. पेट्या परत बांधावर आल्याच नाहीत. दर वर्षी बहर यायचा, फळ यायचं नाही, आणि दर वर्षी आप्पा नव्यानं तापायचे. रानमाशा फुलांवर घोंगावत असायच्या, त्या त्यांना दिसायच्याच नाहीत. आजी गेली तेव्हा दोघा भावांनी दोन वेगळी तेरावी घातली. एकाच आईची! गावानं एकाच दुपारी दोन घरी जेवायचं, बोला.

मी आणि नयना मात्र चोरून बोलायचो. साताऱ्याला एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये, एक प्लेट वडा दोघींत. तिथंच तिनं मला तिच्या लग्नाचं सांगितलं.

"नाना काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, मुहूर्तमेढ दादाच्या हातनंच रोवायची. थोरला तोच. आई म्हणतीय मामाला बोलवू, पण ऐकत नाहीत. दादा नाही आला तर मेढ दारात आडवी पडंल म्हणतात. आणि मेढ आडवी तर मांडव कुठला?"

"आप्पा नाही येणार गं."

"मग तू काय करतीस तिथं कॉलेजात? आप्पांचंच झाड घेतलंयस ना अभ्यासाला? त्या यंत्रात सगळं दिसतं म्हणतीस. मग बघ की, खरंच नानांनी वाटोळं केलं का ते."

ती चिडून बोलली होती, पण माझ्या डोक्यात घुसलं ना ते! झाड मी घेतलं होतं कारण ते आमच्याच पट्टीत होतं आणि फुकट होतं. आता मात्र मला ते झाड नानांना सोडवण्यासाठी हवं होतं.

म्हणून मॅडम तसं म्हणाल्या. मीच त्यांना सगळं सांगून बसले होते ना!

"परत कळ्या आण," मॅडम म्हणाल्या. "वेगवेगळ्या झुडपांच्या आण. आणि रानातल्या रासबेरीच्या, बागेतल्या रासबेरीच्याही आण, तिन्हींच्या बाटल्या माझ्याकडं दे. मी नुसते आकडे घालीन, कुठली कुणाची ते माझ्याकडंच राहील. तू नुसतं बघायचं आणि सांगायचं."

कळ्यांचं मोठं त्रांगडं असतं, सांगते. कळी फार बारकी घेतली तर आत अजून काही सुरूच झालेलं नसतं. जरा मोठी घेतली की सगळं आटोपलेलं असतं. मधल्या कळ्या हव्यात, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात खुडून तिथल्या तिथं मद्यार्काच्या द्रावणात टाकायच्या. मी बांधावर बाटल्या घेऊन बसायचे आणि आप्पा वरून ओरडायचे, "खुड, खुड! फळ तर येत न्हाईच, कळ्या तरी कुणाच्या कामाला येऊ देत!"

मी रंग दिले, स्पिरिटच्या दिव्यावर काच ऊन केली, अंगठे दाबले. कुठली स्लाइड कुणाची ते मला माहीत नव्हतं. रानरासबेरी, सात जोड्या, देखण्या, एकही सुटा नाही. बागेतली, चौदा जोड्या, त्याही नीट. आणि आप्पांचं झाड, प्रत्येक वेळी कडेला कुणीतरी एकटे. कधी सात, कधी थोडे कमी, पण एकटे. आणि विभागणी झाल्यावर तर काय गोंधळ! जोड्यांतले गेलेले आपापल्या बाजूला, आणि एकटे मधेच अडकलेले, इकडं ना तिकडं.

मॅडमनी स्वतः परत बघितलं, चष्मा नाकावर उतरवला. मग म्हणाल्या, "पराग बघ. आणि चांगल्या झाडाचा पराग आणून या फुलांवर हातानं लाव. पिशव्या बांध. मग बोल."

तेही केलं. पराग बहुतेक पोकळ, रंग न घेणारे, नुसत्या काचेच्या टिकल्या. हातानं पराग लावलेल्या फुलांना फळ नाहीच. कुठं एखाददुसरा दाणा धरला, तोही बोट लावताच गळला.

"आता बोलू?" मी विचारलं.

"काय बोलणारेस?"

"की नानांचा काही दोष नाही!"

मॅडम हसल्या नाहीत. "झाडाला फळ का येत नाही, एवढंच तू बघितलंयस," म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, मॅडम लोकांना आनंद कसा तो होतच नाही.

आप्पा खतासाठी साताऱ्याला आले तेव्हा मी त्यांना कॉलेजात घेऊन आले. त्यांनी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या. मी म्हटलं, आप्पा, असू देत. नाही म्हणाले. टोपी मागं सारून एक डोळा हातानं झाकून त्यांनी भिंगात बघितलं.

"ही काय, मुंगळ्यांची पिल्लं?"

"गुणसूत्रं, आप्पा. तुमच्या झाडाची. रोपाला निम्मी आईकडनं येतात, निम्मी बापाकडनं. पराग व्हायच्या आधी आईकडचं आणि बापाकडचं जोडी धरतात. फुगडीसारखं. हात धरले की मग एक इकडं, एक तिकडं. म्हणजे दोन्ही घरांना सारखा वाटा जातो."

"बरं."

"पण रानातलीनं दिली सात आणि बागेतलीनं चौदा. सातांची सातांशी फुगडी लागली. उरलेल्या सातांना…"

"जोडीच न्हाई," आप्पा म्हणाले.

"नाही."

"मग ती कुठं जात्यात?"

"कुणी इकडं पडतं, कुणी तिकडं, कुणी मधेच राहतं. म्हणून वाटा नीट होत नाही, म्हणून पराग पोकळ." मी स्लाइड बदलली. "ही बागेतली. बघा, भरलेले, लाल. आणि हे आपले."

आप्पा काही वेडे नाहीत. त्यांनी लगेच विचारलं, "पराग पोकळ असू दे की. माशीनं बागेतल्या रासबेरीचा चांगला पराग आणून टाकला असता तर?"

"बीजांडातही हीच गत असते. मी हातानं लावून बघितला ना या मोसमात! त्या पिशव्या कसल्या वाटल्या तुम्हाला?"

"म्हंजे माशा असत्या तरी?"

"तरी."

"पेट्या बांधावरच असत्या तरी?"

"आप्पा, पेट्यांचा संबंधच नाही! कधीच नव्हता!"

आणि मी हसत होते, खरं सांगते. मला वाटलं होतं आप्पा उडी मारतील, निदान माझ्या पाठीवर थाप तरी मारतील. त्यांनी डोळा भिंगापासून बाजूला केला. टोपी सरळ केली. खिडकीकडं बघत म्हणाले, "आईच्या तेराव्याला त्यानं आपल्याकडं ताट पाठवलं हुतं. झाकून. मी तसंच परत धाडलं."

"आप्पा…"

"पुरणपोळी हुती. आईला आवडायची म्हणून."

आणि ते निघून गेले. जिना उतरून फाटकापर्यंत गेले अनवाणी. मी चपला हातात घेऊन मागं पळत गेले तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं.

शनिवारी घरी गेले तर आई चुलीपुढं बसलेली, तोंड फुगवून. "काय दाखवलंस गं त्यास्नी?"

"खरं ते दाखवलं."

"दाखवायच्या आधी चार घास तरी खाऊ घालायचंस. आल्यापासनं ताटाला शिवलं न्हाईत."

आप्पा खालच्या पट्टीत होते. बांधावरच्या त्या रिकाम्या दगडांवर बसलेले. मी शेजारी जाऊन बसले. दगडांभोवती गवत उगवलेलं होतं, पण दगड अजून ओळीतच होते, कुणी हलवलेच नव्हते.

"मेढीला जातो मी," आप्पा म्हणाले.

"खरंच? आप्पा, नयना किती…"

"भर माणसांत बोललो हुतो. भर माणसांत पाया पडतो त्याच्या."

"तुम्ही? थोरल्यानं धाकट्याच्या?"

"चूक थोरली हाय."

आप्पा कधी कुणाच्या पाया पडलेले मी बघितलेच नव्हते, आजी सोडून. मी त्यांना हलकं करायला गेले होते आणि हे बघा, आमचा बाप दगडावर बसून वाळून चाललाय. पण लगेच मनात आलं, नानांना तर सांगू! नाना तरी आनंदतील. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्यात बिचाऱ्यांनी. मी तशीच उठले आणि उतारानं पळत सुटले.

नाना घरामागं पेट्यांपाशी होते, हातात धुराचा डबा. मला बघून दचकलेच. इतक्या वर्षांत मी उघड उघड त्यांच्या घरी पहिल्यांदाच आलेली.

"नाना, तुम्ही सुटलात!"

"हळू. माशा चिडत्यात."

मी धापा टाकत सगळं सांगितलं. रानरासबेरी, बागेतली, सात जोड्या, सात एकटे, पोकळ पराग. नाना ऐकत होते. चौकट पेटीत परत सोडली, झाकण लावलं, वर दगड ठेवला. मग खाली बसले.

"एकसुद्धा फळ आलं नसतं?"

"एकसुद्धा नाही, नाना."

"पेट्या तिथंच ठेवल्या असत्या तरी?"

"तरी. आप्पांना पण पटलंय. ते मेढीला येणारेत, नाना! सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडणारेत."

नानांनी एकदम माझ्याकडं बघितलं. माझ्या बाहीवर एक माशी बसली होती. त्यांनी ती बोटानं अलगद काढली, उडू दिली. मग म्हणाले, "जांभळाला तवा कळीसुद्धा न्हवती."

"काय?"

"मी पेट्या न्हेल्या तवा. जांभूळ फुललं बिललं न्हवतं. माशा उपाशी राहिल्या खाली. दोन पेट्या मेल्या माझ्या."

मला कळेना. खरंच कळेना, इतकी मी बावळट. "मग नेल्या कशाला?"

"फळ धरू नये म्हणून."

धुराच्या डब्यातनं बारीक धूर येत होता.

"पट्टी माझी पण हुती," नाना म्हणाले. "मला विचारलं न्हाई. बघंल त्याला सांगायचा, माझं झाड, माझं झाड. म्हटलं, येऊ दे तुझं झाड फुलावर. तुझ्या झाडाला माझी एक माशी शिवू देणार न्हाई. आन देवळाम्होरं त्यो जे बोलला ना, त्यातला शबूद न शबूद खरा हुता. म्हणून गप बसलो."

"पण नाना, तुमच्यामुळे काही झालंच नाही! फळ येणारच नव्हतं ना!"

"ते तुला औंदा कळलं. मला तवा ठावं हुतं व्हय?"

नानांनी धुराचा डबा पायाशी ठेवला.

"त्यो शिव्या घालायचा तवर बरं हुतं गं उर्मे. ऐकून घ्यायचो. आता पाया पडाय येतोय म्हणतीस."

आणि तिथं मी काय केलं सांगू? मी हात जोडले. म्हटलं, "नाना, नका सांगू. नका ना. आप्पा इतक्या वर्षांनी येतायत. नयनाचं लग्न आहे. आता तुम्ही बोललात तर संपलंच सगळं. कुणाचं काही बिघडलेलंच नाहीये, मग सांगायचं कशाला?"

नानांनी डबा विझवला आणि आत गेले. आतून नयना ओरडत आली, "उर्मे, तू? आमच्या घरी?" आणि मला मिठी मारून नाचायला लागली. मी पण नाचले. नाचताना मला सारखं वाटत होतं, माझा लाल अंगठा तिच्या पाठीवर उमटतोय.

मेढीच्या दिवशी नानांचं अंगण भरलेलं. उंबराची मेढ, आंब्याचे टहाळे बांधलेली, हळदी-कुंकू लावलेली, दारात आडवी ठेवलेली. खड्डा खणून ठेवलेला. गुरुजी घाईत, त्यांना पुढं आणखी कुठं जायचं होतं. काकू सारखी पदर सावरत रस्त्याकडं बघत होती.

आप्पा आले. धुतलेली टोपी, नवा सदरा, आई मागं. माणसं बाजूला झाली, वाट झाली. आप्पा नानांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "देवळाम्होरं तुला नको ते बोललो. माझ्या पोरीनं दाखवलं मला. झाडातच खोट हुती. तुझा दोष न्हवता. चुकलो मी." आणि वाकले.

मी नानांकडं बघितलं. मनात नुसतं, गप राहा, गप राहा, गप राहा.

नानांनी आप्पांना अर्ध्यातच धरलं. खांद्यांना. वाकू देईनात, आणि आप्पा वाकायचं सोडीनात. असे दोघं अडकलेले, वर ना खाली.

"नको दादा," नाना म्हणाले. "न्हेल्या हुत्या मी."

"जांभळासाठी न्हेल्या, ठावं हाय मला आता…"

"जांभळासाठी न्हाई. तुझं फळ बुडवायलाच न्हेल्या. ते बुडणारच हुतं, ते झाडाचं. मी बुडवाय गेलो, ते माझं."

काकूनं हळदी-कुंकवाचं ताट खाली ठेवलं. मागं कुणीतरी "आता गं बाई" म्हणालं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी नयनाच्या मागं सरकले.

आप्पा ताठ उभे राहिले. चेहरा असा, की मला वाटलं, झालं. आता वळतील आणि जातील. मेढ राहिली आडवी. आणि हे सगळं मी माझ्या अंगठ्यानं केलं.

"मुहूर्त टळेल हो," गुरुजी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

आप्पा वळले. पण फाटकाकडं नाही गेले. खड्ड्यापाशी गेले, वाकून बघितलं.

"खड्डा कुणी खणला हा?"

"मी," नाना म्हणाले.

"ह्यात मेढ उभी राहील? पहार आण."

नाना पहार घेऊन आले. नव्या धोतरात गुडघे टेकून खणायला लागले. आप्पा वर कमरेवर हात ठेवून उभे.

"अजून."

नाना खणत होते. माती बाहेर टाकत होते. घाम निघाला, टोपी पडली.

"अजून."

"अहो, पुरे झालं, मुहूर्त…" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, जरा थांबा. हे आमच्या घरातलं हाय. अजून खाली."

नानांचा हात कोपरापर्यंत आत जायला लागला. खाली मुरूम लागला, पहार खणखणायला लागली. हात सोलवटले, तरी मान वर केली नाही त्यांनी एकदाही. नयना रडत होती, "आप्पा, बास ना." आप्पा बघत होते नुसते, नानांच्या मानेकडं. मग कधी त्यांचा हात कमरेवरनं खाली आला, मला कळलंच नाही. ते खड्ड्याच्या कडेला बसले, नानांच्या हातातली पहार धरली.

"बास," म्हणाले. "मेढ रोवायचीय, विहीर पाडायची न्हाई."

नाना पहार सोडेनात. आप्पांनी ओढून घेतली. मग दोघांनी मेढ उचलली, आणि आप्पांच्या हातानं ती खड्ड्यात उतरली. आधीच्या खड्ड्यात हलली असती, ही नाही हलली. गुरुजींनी तांदूळ टाकले, काय म्हटलं ते कुणाला ऐकू आलं नाही.

लग्न झालं. मांडव उतरला. मेढ उपटायला चार गडी लागले तरी निघेना, शेवटी करवतीनं कापली. बुंधा अजून आहे नानांच्या अंगणात, दाराच्या अगदी वाटेत, वीतभर वर आलेला. काकू म्हणते, उकरून टाका एकदाचा, येता-जाता लागतो. नाना म्हणतात, राहू दे.

परवा मी गेले होते. नाना ओट्यावर बसलेले, पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, आणि आप्पा शेजारी बसून त्यावर हळद दाबत होते.

"दिसत न्हाई का रं तुला?" आप्पा म्हणत होते.

"दिसतंय की," नाना म्हणाले.